उद्देशाची वजाबाकी

मराठीत ‘हेतू’ आणि ‘उद्देश’ हे दोन शब्द आपण बहुधा एकमेकांच्या जागी वापरतो, आणि रोजच्या व्यवहारात त्यामुळे काही बिघडतही नाही. सभेचा हेतू म्हटले काय आणि सभेचा उद्देश म्हटले काय, निमंत्रणपत्रिका तीच राहते. खुनाच्या खटल्यात मात्र या दोन शब्दांमधील अंतरावर माणसाचे प्राण टांगलेले असतात. एखाद्याने का मारले, हा हेतूचा प्रश्न. मारतेवेळी त्याला काय घडवून आणायचे होते, हा उद्देशाचा प्रश्न. पहिल्याचे उत्तर मत्सर, अपमान, लोभ, भीती, कुळाची अब्रू असे काहीही असू शकते. दुसऱ्याचे उत्तर मोजक्या शक्यतांत संपते: जीव घ्यायचा होता; जीव जाईल अशी इजा करायची होती; जीव जाण्याचा संभव आहे हे ठाऊक असून पर्वा केली नाही; किंवा यांपैकी काहीच नव्हते. आमची तक्रार अशी की, पहिल्या प्रश्नाचे मनाला पटणारे उत्तर मिळाले की आपला सुशिक्षित समाज दुसरा प्रश्न विचारायचेच सोडून देतो. कारण समजले की कृत्य अर्धे पुसले गेले, असे आपण धरून चालतो. ‘रागाच्या भरात झाले हो’ हे वाक्य आपल्या बैठकांतून ज्या सहजतेने उच्चारले जाते, ती सहजता आम्हांला बरी वाटत नाही.

कायद्याची मांडणी येथे थोडक्यात सांगणे भाग आहे. 1860 च्या भारतीय दंड संहितेने 299 व्या कलमात ‘सदोष मनुष्यवध’ सांगितला आणि 300 व्या कलमात त्यातूनच ‘खून’ वेगळा काढला. प्रत्येक खून हा सदोष मनुष्यवध असतो, पण प्रत्येक सदोष मनुष्यवध खून नसतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हीच कलमे 100 आणि 101 या क्रमांकांवर बसली आहेत; आकडे बदलले, गाभा तोच राहिला. खून ठरला तर फाशी किंवा जन्मठेप. खून न ठरणारा सदोष मनुष्यवध ठरला तर शिक्षा बरीच खाली येऊ शकते. म्हणूनच मारल्याचे नाकारता येत नाही अशा खटल्यांत बचावाचा सारा जोर या पायरीवर असतो. पायरी खाली उतरण्याच्या वाटा निरनिराळ्या आहेत, आणि सर्वांत वापरातली वाट म्हणजे ‘गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभन’. येथे एक बारकावा फार थोडे लोक ध्यानात घेतात. प्रक्षोभनाची सबब सांगणारा आरोपी ‘माझा मारण्याचा उद्देश नव्हता’ असे म्हणत नसतो. ‘उद्देश होता, पण त्या क्षणी मी माझ्या ताब्यात नव्हतो’ असे तो म्हणत असतो. ‘गोळी चुकून सुटली’ हे म्हणणे याहून सर्वस्वी निराळे आहे.

या दोन्ही गोष्टी एकाच माणसासाठी एकाच खटल्यात सांगितल्या गेल्या, आणि देशाने दोन्हींवर एकदमच विश्वास ठेवला, असे उदाहरण आपल्याकडे आहे. नानावटी खटल्याचे नाव ऐकले नाही असा आमच्या वयाचा मराठी माणूस सापडणे कठीण. तरुण पिढीला तो 2016 च्या ‘रुस्तम’ या हिंदी चित्रपटामुळे ठाऊक झाला आहे. त्या चित्रपटातला नायक नौदलाच्या शुभ्र गणवेशात ज्यूरीपुढे उभा राहतो, निर्दोष सुटतो आणि पडदा पडतो. प्रत्यक्षात पडदा तेथे पडला नव्हता. खऱ्या खटल्याचा महत्त्वाचा भाग त्यानंतरच सुरू झाला.

27 एप्रिल 1959 ची दुपार. नौदलाच्या ‘म्हैसूर’ या युद्धनौकेवरचे अधिकारी कमांडर कावस माणेकशा नानावटी मुंबईत आपल्या घरी होते. पत्नी सिल्व्हिया हिने प्रेम अहुजा या मोटारींच्या व्यापाऱ्याशी आपले संबंध असल्याची कबुली दिली. त्यानंतरचा घटनाक्रम न्यायालयात फारसा वादग्रस्त नव्हता, आणि सगळी मेख त्या क्रमातच आहे. दीडच्या सुमारास नानावटी पत्नीला आणि मुलांना मोटारीत घालून निघाले व त्यांना मेट्रो सिनेमापाशी सोडले. तेथून ते आपल्या जहाजावर गेले. रात्री एकट्यालाच मोटार चालवत अहमदनगरला जायचे आहे, असे सांगून त्यांनी भांडारातून एक रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसे मागून घेतली. ती एका तपकिरी लिफाफ्यात ठेवली. मग ते अहुजाच्या कचेरीत गेले. तो तेथे नव्हता, म्हणून त्याच्या सदनिकेकडे वळले. चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास नोकराने दार उघडले. नानावटी सरळ शयनगृहात गेले आणि आतून दार लावून घेतले. नुकताच न्हाणीघरातून आलेला, कमरेला टॉवेल गुंडाळलेला अहुजा काही क्षणांत गोळ्या लागून पडला होता.

बचावपक्षाची हकिकत अशी: रिव्हॉल्व्हर घेतले ते स्वतःचा जीव देण्यासाठी. अहुजाकडे गेले ते ‘तू सिल्व्हियाशी लग्न करशील का, मुलांना सांभाळशील का’ हे विचारण्यासाठी. ‘ज्या ज्या बाईबरोबर निजलो तिच्याशी लग्न करत बसू काय’ अशा अर्थाचे उर्मट उत्तर आले. लिफाफा कपाटावर ठेवून नानावटी त्याला हाताने चोपायला निघाले, तोच अहुजाने लिफाफ्यावर झडप घातली, आणि झटापटीत गोळ्या सुटल्या. म्हणजे अपघात. आणि अपघात मान्य नसेल तर त्या उत्तराने उसळलेला आकस्मिक राग. कायदा आरोपीला अशा पर्यायी सबबी मांडू देतो, त्याला आमची हरकत नाही. जिवावर बेतलेल्या माणसाला सगळी दारे ठोठावण्याची मुभा असलीच पाहिजे. पण ऐकणाऱ्याने दोन्ही सबबी एकाच वेळी कशा मानाव्यात? झटापटीत गोळी सुटली असेल तर रागाचा प्रश्न उद्भवत नाही. रागाने गोळी झाडली असेल तर झटापटीची कथा बाद होते. आणि आत्महत्येसाठी शस्त्र घेतलेला माणूस आधी कचेरी आणि मग घर असा दुसऱ्याचा शोध घेत का फिरतो, हा प्रश्न तर एखाद्या शाळकरी मुलालाही पडावा.

फिर्यादीपक्षाने बोट ठेवले ते एका टॉवेलवर. मृतदेहाच्या कमरेचा टॉवेल होता तसाच होता. सुटला नव्हता, सैलही झाला नव्हता. दोन धडधाकट पुरुष एका रिव्हॉल्व्हरसाठी झोंबतात आणि नुसता गुंडाळलेला टॉवेल जागचा हलत नाही, हे मानायला भाबडी श्रद्धा लागते. घरातील नोकराने सांगितले की गोळ्या एकापाठोपाठ एक झडल्या आणि सगळा प्रकार मिनिटाच्या आत आटोपला. मृताची बहीण घरातच दुसऱ्या खोलीत होती. ‘अपघात झाला, डॉक्टरांना बोलवा’ असे एक अक्षर तिला न बोलता नानावटी बाहेर पडले. आधी नौदलाच्या प्रोव्होस्ट मार्शलकडे आणि मग पोलीस उपायुक्त लोबो यांच्याकडे ते स्वतःहून गेले, आपण माणूस मारल्याचे सांगितले, आणि पोलिसांच्या कागदात आपल्या नावाचे स्पेलिंग चुकलेले दिसले तेव्हा तेही दुरुस्त करून घेतले. हे शेवटचे टिपण वाचताना आम्ही दर वेळी थबकतो. ज्याला आपल्या नावातले चुकलेले अक्षर दिसते, त्याला भान नव्हते असे कसे म्हणायचे? (स्वतःहून हजर होण्याचा सरळपणा आम्ही नाकारत नाही. तो सरळपणा शिक्षेच्या विचारात जरूर यावा. उद्देशाच्या विचारात त्याचे काय काम?)

एवढे असूनही 21 ऑक्टोबर 1959 रोजी ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने ‘दोषी नाही’ असा कौल दिला, आणि तोही केवळ खुनाबद्दल नव्हे, सदोष मनुष्यवधाबद्दलसुद्धा! सत्र न्यायाधीश रतिलाल मेहता यांना हा कौल इतका विपरीत वाटला की त्यांनी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवले. त्या नऊ जणांना सरसकट मूर्ख ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण तसे करणे अन्यायाचे होईल. उच्च न्यायालयात असे निघाले की, अपवादाचा लाभ मागणाऱ्या आरोपीवरच तो अपवाद सिद्ध करण्याचा भार असतो, ही पायाभूत गोष्ट ज्यूरीला नीट समजावून दिली गेली नव्हती. आणि त्यांच्या भोवतालचे वारे कसे होते? रूसी करंजियांच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने एक देखणा, देशसेवक, फसवला गेलेला नवरा उभा केला आणि त्याच्यासमोर एक श्रीमंत, चैनी, पराई स्त्री नासवणारा खलपुरुष. पारशी समाज एका बाजूस आणि सिंधी समाज दुसऱ्या बाजूस, अशी फळीही पडली. ज्याच्यावर हे सारे आरोप झाले तो उत्तर द्यायला उरला नव्हता, आणि त्याच्या चारित्र्याचा न्याय करायला त्या नऊ जणांना बसवलेही नव्हते. तरी निकाल लागला तो मेलेल्या माणसाच्या खटल्याचा. पिंजऱ्यात जिवंत माणूस उभा होता, पण दोषी मात्र मृत ठरला.

उच्च न्यायालयात न्या. शेलत आणि न्या. नाईक यांनी 11 मार्च 1960 रोजी खुनाचा दोष ठरवून जन्मठेप दिली. त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी शिक्षा स्थगित केली आणि नानावटींना नौदलाच्याच ताब्यात ठेवण्याची सोय केली. राज्यपालांना असे करता येते का, यावर सर्वोच्च न्यायालयात आणखी एक निराळा वाद झाला आणि सप्टेंबर 1960 मध्ये तो राज्यपालांच्या विरुद्ध गेला. तो घटनेच्या अभ्यासकांचा प्रांत. आपल्या विषयाला महत्त्वाचा आहे तो 24 नोव्हेंबर 1961 चा निकाल. न्या. सुब्बा राव यांनी तो लिहिला, आणि प्रक्षोभनाच्या प्रश्नावर आजही देशभरची न्यायालये त्याचाच आधार घेतात.

त्या निकालाचे म्हणणे असे की, आरोपी ज्या समाजवर्गातला आहे त्या वर्गातील समंजस माणूस तशाच परिस्थितीत ताबा गमावून बसला असता का, हे पाहावे. केवळ शब्द आणि हावभाव यांनीही प्रक्षोभन होऊ शकते. मृताच्या पूर्वीच्या वर्तनाने मनाची जी पार्श्वभूमी तयार झाली, तीही लक्षात घ्यावी. मात्र प्राणघातक प्रहार त्या उद्रेकातूनच निघालेला असला पाहिजे. मध्ये वेळ जाऊन राग निवला असेल किंवा योजनेला वाव मिळाला असेल तर सबब चालणार नाही. मग न्यायालयाने घड्याळ पुढे ठेवले. दीडला घर सोडले, चार-वीसला गोळ्या झडल्या. मधल्या जवळजवळ तीन तासांत हा माणूस बायकोमुलांची व्यवस्था लावतो, खोटे कारण सांगून शस्त्र मिळवतो, दोन ठिकाणी शोध घेतो. कबुली ऐकताना त्याचा ताबा सुटला असेलही. नंतर तो परत आला होता. अपील फेटाळले गेले.

निकाल योग्यच होता. पण त्याच्या पहिल्या कसोटीविषयी आमचे समाधान झालेले नाही, आणि मोठ्या न्यायमूर्तींचा आदर राखूनही ते सांगितले पाहिजे. ‘त्या समाजवर्गातील समंजस माणूस’ म्हणजे कोण? ज्या वर्गात जातीबाहेर लग्न केलेल्या मुलीचा गळा दाबणे हे बापाचे कर्तव्य मानले जाते, त्या वर्गातला समंजस बाप कोणत्या मापाने मोजायचा? कायद्याने समाजाच्या क्रोधाची उंची पाहून आपली पट्टी वरखाली केली, तर जो समाज जास्त तापट त्याला जास्त सूट, असा अर्थ निघतो. न्यायालये तसे करत नाहीत, हे त्यांचे शहाणपण. कसोटीचे शब्द त्यांना पुरेसे अडवत नाहीत, हे आमचे म्हणणे.

आणि प्रक्षोभनाच्या सबबीपासून दूर, शुद्ध उद्देशाच्या प्रश्नावरही आपल्या मनात एक सोयीस्कर समज घर करून आहे: ‘त्याला मारायचे नव्हते, फक्त अद्दल घडवायची होती.’ याचे उत्तर नानावटींच्याही आधी दिले गेले आहे. 1958 मधील विरसा सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात भाल्याचा एकच घाव पोटात बसला होता. आपल्या नागपूरच्या उच्च न्यायालयातून दिल्लीस गेलेले न्या. व्हिव्हियन बोस यांनी स्पष्ट केले की, मारण्याचाच उद्देश होता हे प्रत्येक वेळी सिद्ध करावे लागत नाही. जी इजा झाली तीच करायची होती, योगायोगाने नव्हे, आणि ती इजा स्वाभाविक क्रमाने मृत्यू आणण्यास पुरेशी होती, एवढे ठरले की खून ठरतो. आरोपीला वैद्यकशास्त्र किती येत होते हे कोणी विचारत बसत नाही. 2006 मध्ये पुलिचेर्ला नागराजू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उद्देश ओळखण्याच्या खुणाच सांगितल्या: हत्यार कोणते; ते बरोबर आणलेले की जागेवर उचललेले; घाव कोठे आणि किती जोराने; एक की अनेक; भांडण अचानक पेटले की वैर जुने. यातील प्रत्येक खूण बाहेरून दिसणारी आहे. मनात शिरून पाहण्याची विद्या न्यायालयाजवळ नाही आणि ती असल्याचा आव ते आणत नाही. ते हात पाहते, पाय पाहते, घड्याळ पाहते. आपण बैठकीतले न्यायाधीश मात्र थेट मनात शिरतो, आणि तेही फक्त मारणाऱ्याच्या.

मन ओळखण्याचा हा दावा आपण कोणासाठी करतो, तेही पाहण्यासारखे आहे. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या किरणजित अहलुवालिया या पंजाबी स्त्रीने दहा वर्षे नवऱ्याची मारहाण सोसली. 1989 मध्ये एका रात्री तो झोपलेला असताना तिने त्याच्या अंथरुणाला आग लावली. काही दिवसांनी तो मेला. मला फक्त त्याला दुखवायचे होते, असे तिचे म्हणणे. खुनाचा दोष ठरून तिला जन्मठेप झाली. 1992 मध्ये अपील न्यायालयाने प्रक्षोभनाची सबब मान्य केली नाही, कारण ‘आकस्मिक’ हा शब्द आड आला. जी स्त्री झोपेची वाट पाहते तिचा राग आकस्मिक कसा? शेवटी मनःस्थितीच्या विकृतीच्या वेगळ्या आधारावर दोष मनुष्यवधापर्यंत उतरला आणि भोगलेली शिक्षा पुरेशी मानून तिला सोडण्यात आले. म्हणजे घड्याळ दोघांनाही लागू झाले, कमांडरलाही आणि किरणजितलाही. कायद्याने तेवढे समान माप लावले. पण एकाच्या नावाने मुंबईत जयजयकार झाला, फेरीवाल्यांनी ‘नानावटी रिव्हॉल्व्हर’ आणि ‘अहुजा टॉवेल’ विकल्याच्या कथा अजून चवीने सांगितल्या जातात. तीन तासांच्या दुखावलेल्या अभिमानाला आपण जेवढी सहानुभूती दिली, तेवढी दहा वर्षांच्या मारहाणीला आपल्यापैकी किती जणांनी दिली असती, याचा ज्याने त्याने विचार करावा. ज्या शरीरात समोरासमोर मारण्याची ताकद आहे त्याचाच राग ‘आकस्मिक’ असू शकतो, ही या शब्दातली खोच आहे. इंग्लंडने 2009 च्या कायद्याने प्रक्षोभनाची जुनी सबब रद्द करून नवी रचना केली, आणि जोडीदाराचा व्यभिचार हे ताबा सुटण्याचे कारण म्हणून एकट्याने चालणार नाही असे ठरवले. आपल्याकडे 2023 मध्ये संहिता नव्याने लिहिण्याचा मोठा गाजावाजा झाला. प्रक्षोभनाचा अपवाद मात्र 1860 मध्ये होता तसाच उचलून नव्या पानावर ठेवला गेला. वसाहतवादी जोखड झुगारून दिल्याची भाषणे करणाऱ्यांना हे कलम दिसले नाही काय?

उलट टोकही पाहू. 19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात एका महागड्या मोटारीने दोघा तरुण अभियंत्यांना चिरडले. दोघेही आमच्या मध्य प्रदेशातून तेथे नोकरीला गेलेले. त्यामुळे इंदूर-जबलपूरकडे ही बातमी घरची म्हणून वाचली गेली. आधी निष्काळजीपणाने मृत्यूचे कलम लागले, मग लोकक्षोभ उसळला आणि सदोष मनुष्यवधाचे कलम जोडले गेले. खटल्याच्या गुणदोषांत आम्ही शिरत नाही. ते काम न्यायासनाचे. पण त्या दिवसांत आमच्याच परिचितांपैकी काही जण तावातावाने म्हणत होते, ‘हा सरळ खून आहे.’ नानावटींचा विषय निघाला की हीच मंडळी ‘खून नव्हताच तो’ असे म्हणतात. ज्याने कोणालाही ठार मारण्यासाठी घर सोडले नव्हते त्याच्या पदरी आपण उद्देश जमा करतो. जो भरलेले रिव्हॉल्व्हर घेऊन माणूस शोधत फिरला त्याच्या खात्यातून वजा करतो. पुण्याच्या घटनेत विचार ‘उद्देशाचा’ नसून ‘ज्ञानाचा’ आहे. आपल्या कृतीने जीव जाण्याचा संभव आहे हे ठाऊक होते की नाही, एवढाच. तेवढी पायरी गंभीरपणे तपासली जावी, हे योग्यच. तिला खुनाच्या पायरीवर चढवण्याची घाई मात्र त्याच आळसातून येते, ज्या आळसाने नानावटींना खाली उतरवले.

आता घरचे. इंदूरच्या जुन्या घरांत बावला प्रकरण अजून आवाज उतरवून सांगितले जाते. 12 जानेवारी 1925 च्या संध्याकाळी मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याची मोटार अडवली गेली. होळकर दरबार सोडून आलेली मुमताज त्याच्याबरोबर होती. बावला गोळीने मेला, मुमताजच्या चेहऱ्यावर वार झाले, आणि योगायोगाने तेथून जाणारे इंग्रज लष्करी अधिकारी मध्ये पडले म्हणून ती वाचली. खटला चालला, शिक्षा झाल्या, काहींना फाशीही ठोठावली गेली. 1926 मध्ये तुकोजीराव महाराजांनी गादी सोडली. हा इतिहास सांगताना जुनी माणसे हमखास एक वाक्य जोडतात: ‘मारायला नव्हते गेले, बाईला परत आणायला गेले होते.’ वाक्य खरे असेलही. पण परत आणायला पिस्तूल आणि सुरे लागतात काय? ज्या बाईला यायचे नाही तिला ‘आणणे’ म्हणजे काय? संस्थानाविषयीचा आदर आमच्याही मनात आहे. या घराण्याने माळव्यात मराठी माणसाला रुजवले. तो आदर या वाक्याला खरे करण्यासाठी खर्च करण्याची आमची तयारी नाही.

आणि याच वाक्याची मूळ आवृत्ती तर शनिवारवाड्याची. 30 ऑगस्ट 1773 रोजी नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. आख्यायिका अशी की रघुनाथरावांच्या पत्रात ‘धरावे’ होते, आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला. मराठी भाषेला एक वाक्प्रचार मिळाला आणि मराठी मनाला एक पळवाट. या आख्यायिकेला काय साधायचे आहे ते नीट पाहा. पुरुषाचा उद्देश ‘धरण्या’पर्यंत मर्यादित राहतो आणि मरणाचा सगळा भार एका स्त्रीने बदललेल्या एका अक्षरावर जातो. समजा, अक्षर बदलले नव्हते. पगार थकल्याने चिडलेल्या, नंग्या तलवारींच्या भाडोत्री शिपायांना सत्तेच्या भांडणात एका अठरा वर्षांच्या पेशव्यावर सोडायचे आणि ते त्याला अलगद धरून आणतील असे मानायचे, हे कोणाला शक्य आहे? रामशास्त्री प्रभुणे अक्षराच्या खोडाखोडीपाशी थांबले नाहीत. ज्याच्या लाभासाठी आणि ज्याच्या सांगण्यावरून तलवारी निघाल्या, त्या रघुनाथरावांनाच त्यांनी दोषी ठरवले. आपण शाळेत रामशास्त्र्यांचा धडा वाचला आणि घरी येऊन आनंदीबाईंची गोष्ट सांगितली.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो गैर नाही. हेतूला काहीच जागा नाही काय? दुखावलेल्या, फसवल्या गेलेल्या, भेदरलेल्या माणसाची कोणी दयाच करायची नाही? जागा आहे, आणि ती कायद्यानेच आखून दिली आहे: शिक्षेचे माप ठरवताना, आणि त्यानंतर घटनेच्या 161 व्या कलमाखाली राज्यपालांपुढे. नानावटी अखेर तेथूनच सुटले. तीन वर्षांच्या आतबाहेर कैद भोगल्यावर मार्च 1964 मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्यांना माफी दिली. त्याच सुमारास भाई प्रताप या सिंधी व्यापाऱ्यालाही माफी मिळाली, दोन्ही समाजांची समजूत पटावी असा हिशेब त्यात होता असे सांगितले जाते, आणि अहुजाच्या बहिणीने आपली हरकत नसल्याचे लिहून दिले. हिशेब कसाही असो, दया ज्या दाराने यायची त्या दाराने आली. 1968 मध्ये नानावटी कुटुंब कॅनडाला गेले आणि 2003 मध्ये त्यांचे निधन झाले. माफीने त्यांची उरलेली शिक्षा गेली. 24 नोव्हेंबर 1961 च्या निकालातला ‘खून’ हा शब्द कोणी खोडलेला नाही. मंडळाच्या पुढच्या बैठकीत कोणी ‘रुस्तम’चा विषय काढला, तर त्याने ऑक्टोबर 1959 पाशी न थांबता तो निकालही बरोबर आणावा, अशी आमची विनंती आहे.